भाड्याच्या घरातला भाऊ

कौसामायकडे साधा विळा मागायला गेलं तरी विळा लगेच मिळत नसे. आधी ती पदर सारखा करायची, डोळे बारीक करायची आणि विचारायची, "तू माहा कोन लागतेस?" उत्तर तिला माहीत असायचंच. ते तुम्हाला माहीत आहे का, हे तिला पाहायचं असे. "पुतण्या लागतो, मोठी माय" म्हटलं की विळा मिळे. "दे ना वो, घाई आहे" म्हटलं तर मिळत नसे. मी जन्मापासून तिच्या शेजारचा, मधे एक कुडाची भिंत. तरी चाळिशी उलटली, डोक्यावर टक्कल आलं, तेव्हाही मला हा प्रश्न चुकला नाही. डोकं उठायचं अगदी.

ती मागच्या उन्हाळ्यात गेली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण तिची आठवण आली की आधी चीड येते आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आमचं गाव सानगडीच्या पुढं, तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो तिथं. तलावाखाली धानाची शेती, ती बहुतेक कोहळ्यांची आणि कुणब्यांची. कौसामाय कोहळ्यांची सून. पाळीला लागून ढिवरांची घरं, जंगलाच्या बाजूला गोंडांची टोली, ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती आणि मधोमध कोष्टीपुरा. कोष्टीपुऱ्यातून दिवसभर हातमागांचा खडखडाट चालायचा. या सगळ्यांत गावचं नातं होतं. ते रक्ताचं नव्हे, जातीचंही नव्हे. कोहळ्याचा पोरगा कोष्ट्याला काका म्हणायचा, ढिवराची सून कुणब्याच्या म्हाताऱ्याला सासरा मानून पदर घ्यायची. खोटं कशाला सांगू, या नात्यात ताटाला ताट लागत नसे. टोलीवरच्या मामाला चहा वेगळ्या कपात मिळायचा आणि वस्तीतले काकाजी ओसरीच्या खालीच बसायचे. कौसामायच्या घरीसुद्धा तसंच होतं. पण कोणी मेलं तर रडायला जावं लागे, लग्नात आहेर करावा लागे, आणि बाईला आपल्या भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, तोंड उघडता येत नसे. गावचा भासरा असला तरी तो भासराच.

मग हातमाग बंद पडले आणि कोष्टी गेले. कोणी नागपूरला गेलं, कोणी इचलकरंजीला. आमच्या कोहळ्या-कुणब्यांची पोरंही पुण्याच्या कंपन्यांत गेली. कौसामायचा स्वतःचा मुलगा तिकडेच, तो वर्षातून एकदा यायचा. कोष्टीपुऱ्यातली कुलपं गंजली, आणि मग एकेक करून निघायला लागली, कारण बाहेरून माणसं आली. राजस्थानातला एक हलवाई आला. बंगाली डॉक्टर आला. बालाघाटकडचा एक वेल्डर बायकोपोरींना घेऊन आला. आज कोष्टीपुऱ्यात एकही कोष्टी नाही, तरी नाव कोष्टीपुराच आहे.

या नव्या माणसांना काय म्हणायचं हे गावाला कळेना. हलवाईला 'मारवाडी' म्हणत, डॉक्टरला 'बंगाली', आणि वेल्डरबद्दल बोलताना आवाज जरा खाली येई. कौसामायला मात्र काहीच अडचण आली नाही. तिचा नियम तयार होता.

"जो ज्या घरात रायते, थो त्या घरचा," ती म्हणायची. "मानूस जाते बापा. घर का जागा सोडून जाते काय?"

म्हणजे भाडेकरूनं घराबरोबर घराचं नातंही भाड्यानं घ्यायचं. हलवाई राहायला आला तो ठकूबाई कोष्टिणीच्या घरात. ठकूबाई गावच्या नात्यानं कौसामायची सासू. झालं! मिशाळ हलवाई तिची सासू झाला, आणि संक्रांतीला वाण घेऊन ती खरोखर त्याच्या पाया पडून आली. तो बिचारा कढईजवळ झारा हातात धरून उभाच. त्यानं तिला पावशेर जिलबी दिली. सासूनं सुनेला काहीतरी द्यायचंच असतं, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही.

डॉक्टरचं प्रकरण मात्र माझ्या अंगावर आलं. बिस्वास डॉक्टर तिशीतला, काडीसारखा, नुकतंच लग्न ठरलेलं पोरगं. त्याला भाड्यानं मिळालं बळीराम कोष्ट्याचं घर, आणि बळीराम तिचा थोरला भासरा. त्या घराला ती 'मोठं घर' म्हणायची, कारण भासऱ्याचं नावही घेता येत नाही. एका पावसाळ्यात तिला ताप भरला, अंगावर दोन वाकळा घेऊन ती कण्हायला लागली, म्हणून मी डॉक्टरला घेऊन गेलो. तो दारात येताच ही बया तशा तापात उठली आणि आतल्या खोलीच्या दाराआड गेली.

आतून आवाज आला, "खांबा, मोठ्या घरच्यायले सांग, रातभर हुडहुडी भरून राहिली."

डॉक्टरनं घरात कोणी खांबा नावाचा माणूस आहे का ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मोठा घर कौन?"

"तुम्ही," मी म्हणालो.

मी त्याला समजावलं, की तू हिचा जेठ आहेस, ही तुझ्याशी बोलणार नाही, ओसरीच्या खांबाला सांगेल, तू ऐकून घे. त्यानं विचारलं, "तो नाडी कैसे देखेगा?" त्यावर आतून खांबाला उत्तर गेलं, "भासरे कधी हात धरतेत काय? जग बुडलं काय, खांबा?" मी तिला ओरडलो, मर तशीच म्हणालो. माझ्या बायकोनं समजूत घातली. उपयोग शून्य. शेवटी डॉक्टरच खांबाकडे वळला आणि आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाला, "खांबा, बाई को बोलो, ये काँच मुँह में रखो. हाम छुएगा नहीं." ताप मोजला, गोळ्या दिल्या, ती बरी झाली. तेव्हापासून डॉक्टर तिच्या अंगणात शिरण्याआधी मोठ्यानं खाकरायचा, म्हणजे तिला पदर घ्यायला वेळ मिळे. इतकं तो शिकला. गावातली आमची पोरं तेवढंही शिकली नव्हती.

आता वेल्डर. त्याचं नाव रशीद. तो ज्या घरात आला ते केशव कोष्ट्याचं. केशव मूळचा करडीचा, आणि करडी हे कौसामायचं माहेर. सासरच्या गावात माहेरच्या गावचा माणूस भेटला की तो भाऊ, मग तो कोणत्याही जातीचा असो. केशव इचलकरंजीला गेला तेव्हा ती एसटीच्या मागं रडत गेली होती. तिचा सख्खा भाऊ तरुणपणीच वारलेला, त्यामुळे भाऊबीजेला तिला हेच एक दार होतं. पुढची काही वर्षं त्या दाराला कुलूप राहिलं. मग रशीद आला, आणि त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती ताट घेऊन त्याच्या दारात उभी.

तो डोळ्यांवर काळी काच लावून कोणाचं तरी फाटक जोडत होता. त्यानं काच वर केली, ताट पाहिलं, त्यातला दिवा पाहिला, त्याला वाटलं मंदिराची वर्गणी आहे. त्यानं खिशातून दहाची नोट काढून ताटात टाकली आणि पुन्हा कामाला लागला.

"ववाळनी ववाळल्यावर देतेत, गाढवा!" कौसामाय ओरडली. "आंघोळ केली काय? चाल, बस पाटावर."

तो बसला. का बसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची बायको शबनम दारामागून पाहत होती, तिला पुढं बोलावून कौसामायनं सांगितलं की तू भावजय आहेस, नणंदेला रिकाम्या हातानं पाठवू नको. पहिल्या वर्षी तिनं त्यांच्याकडे नुसती सुपारी घेतली. पुढच्या वर्षी चहा घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी चहात साखर कमी आहे म्हणून भांडली. त्या घरी ती जेवली का, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा तिनं मला हाकलून दिलं.

दोघांचं पटत होतं असंही नाही. त्यानं तिचं फाटक दुरुस्त केलं आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून ती गावभर त्याच्या नावानं ठणाणा करत फिरली. "फुकट करून देते! लोक म्हणतीन बहीण भावाले लुबाडून राहिली." त्याच्या पोरी शाळेतून येताना तिच्या आवारातल्या चिंचा पाडायच्या, आणि ती काठी घेऊन मागं लागायची, "आत्याच्या घरी चोरी करतेत काय?" रशीद तिला सगळ्यांसारखं 'बाईजी' म्हणायचा. तिनं काही म्हटलं की मान डोलवायचा, आणि ती गेल्यावर मला विचारायचा, "ये बाईजी का हिसाब क्या है, भैया?" मी सांगायचो, घराचा हिसाब आहे. तो म्हणायचा, "अच्छा." त्याला काही कळलेलं नसायचं.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. धान कापून झालं होतं. रशीदचा चुलतभाऊ बायकोला घेऊन आला आणि रशीदच्या शेजारचं कुलूपबंद घर भाड्यानं मिळेल का, असं विचारायला लागला. एवढंच झालं. आठवड्याच्या आत चावडीवर बैठक बसली.

बैठक बोलावली विलासनं. विलास आमच्यातलाच, पुण्याची नोकरी गेल्यावर परत आलेला. झेरॉक्स आणि मोबाईलचं दुकान चालवायचा. वाईट पोरगा नव्हता, कौसामायला साकोलीला जायचं असलं की हाच गाडीवर घेऊन जायचा. तो उभा राहून म्हणाला, "पहिले एक येते, मंग दुसरा येते, मंग मोहल्ला होते. आपले लोक गाव सोडून जाऊन राहिले अन् बाहेरचे येऊन राहिले. कोनी तं इचार करन का नाई?" लोकांनी माना हलवल्या. कोष्टी गेले तेव्हा कोणी बैठक घेतली नव्हती. आपली पोरं गेली तेव्हा पेढे वाटले होते. रिकामं घर भरलं तेव्हा मात्र गावाला जाग आली. आणि नव्यांमध्ये हलवाई होता, डॉक्टर होता, पण 'बाहेरचा' म्हणताना सगळे पाहत होते एकाच घराकडे.

रशीद बैठकीला आला नव्हता. कौसामाय आली. हनुवटीपर्यंत पदर ओढून चावडीच्या भिंतीशी, बायका उभ्या राहतात तिथं, उभी राहिली. मला वाटलं, आता विलासची खैर नाही. अख्ख्या गावाला तिनं नाती शिकवलेली, तिच्यापुढं बोलायची कोणाची हिंमत? मी तिच्याजवळ सरकलो.

"बोल ना, माय."

"काहून गंमत करतेस? पाय ना समोर कोन बसले हायेत."

मी पाहिलं. पुढच्या सतरंजीवर सगळे थोर लोक. निम्मे तिचे भासरे, उरलेले सासरे.

"बसू दे ना वो! आज बोलली नाईस तं त्याले हाकलतीन."

"भासऱ्यायपुढं तोंड उघडू? तू सांग. सांग का रशीद माहा भाऊ होये. करडीचा."

मी उठून सांगितलं. चावडी हसली.

"करडीचा? थो तं बालाघाटचा आहे ना?" कोणीतरी म्हणालं.

मी घराचा नियम सांगितला. आणखी हसले. विलास हसला नाही, त्यानं मला शांतपणे विचारलं, "काकाजी, घर करडीचं आहे का मानूस करडीचा आहे? तुमीच सांगा." जी गोष्ट तिच्या तोंडून इतकी वर्षं सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकली, ती माझ्या तोंडून निव्वळ येडपटपणा वाटत होती. मागून तिनं माझा शर्ट ओढला. "मोठ्या घरच्यायले म्हन, त्यायनं बोलावं. त्यायचं ऐकतीन."

डॉक्टर पुढच्याच रांगेत होता. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, तुमचं मत सांगा. तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला. त्याचंही घर भाड्याचंच होतं. "गाँव जो बोलेगा," तो म्हणाला.

विषय संपला. काही लिहिलं नाही, सही नाही, ठराव नाही. लिहिलं असतं तर कुठं दाद तरी मागता आली असती. नुसतं ठरलं, आणि रशीदकडून घर काढून घे म्हणून केशवच्या मुलाला इचलकरंजीला फोन गेला.

घरी येताना मी तिला वाट्टेल ते बोललो. म्हटलं, एकदा पदर मागं टाकला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? भावासाठी एवढं करवलं नाही? ती दारात आल्यावर म्हणाली, "मी भासऱ्यापुढं तोंड उघडलं, तं भासरा भासरा राह्यला नाई. मंग रशीद भाऊ कायचा राह्यला? एक मोडलं का सारंच मोडते, बापा." दार ओढत म्हणाली, "मोठ्या घरचे मुके निघाले." आणि कडी लावून घेतली.

तिच्या त्या बोलण्याला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजून सुचत नाही, आणि माझी खरी चीड तीच आहे. ती चूक होती हे मला पक्कं ठाऊक आहे. कुठं चूक होती, ते सांगता येत नाही.

होळीच्या आधी रशीद साकोलीला गेला. सामान न्यायला टेम्पो विलासनंच आणून दिला, भाडंही कमी करून दिलं. "आपला काही पर्सनल राग नाई," म्हणाला. आणि पुढच्या महिन्यात केशवचं घर त्यानंच दुकानासाठी घेतलं. जागा मोठी होती, रस्त्यावर होती.

मी मुद्दाम कौसामायला विचारलं, "आता विलास तुहा भाऊ झाला काय?"

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "झाला," ती म्हणाली. नियम नियम होता. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "विलास भाऊ झाला. मंग रशीद आता कोन?" मी तिला आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न स्वतःला विचारताना पाहिलं. महिनोन्महिने ती तेच घोळवत होती. शेतात, अंगणात, रात्री कुडापलीकडून, "मंग थो कोन?" दिवाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मले साकोलीले ने. त्याचं घर पायतो. घर पाह्यलं का समजते."

भाऊबीजेला तिला गाडीवर मागं बसवून नेलं. मांडीवर पिशवी, पिशवीत ताट. रशीदची खोली हायवेला लागून, टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला अजून रंगाचा वास येत होता. शबनमनं दार उघडलं, पोरी "आत्या, आत्या" करत आल्या. कौसामाय उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"या घरात पहिले कोन रायत होतं?"

"कोई नहीं, बाईजी. नई बिल्डिंग है. हम ही पहले."

"त्याच्या पहिले?"

"खेत था, बोलते हैं."

"कोनाचं?"

शबनमला काय ठाऊक! कौसामायनं भिंतीला हात लावून पाहिला, दाराच्या चौकटीला लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून अगदी हताश होऊन म्हणाली, "हे तं कोनाचंच नाई. मी कोन म्हनून येऊ?"

"माय, आत चाल," मी म्हणालो. आली नाही. शबनमनं हात धरला. आली नाही. तेवढ्यात रशीद कामावरून आला, अंगावर लोखंडाची पूड, दिवसभराचा वैतागलेला. आधी तो हसला. मग त्यानं समजावलं. मग म्हणाला, "बाईजी, किराया मैं देता हूँ, घर मेरा है."

"किरायानं घर होत नाई!"

"तो वहाँ कैसे हुआ था?"

"थे केशवचं होतं, गाढवा!"

"केशव गया भाड में! मैं गाढव हूँ तो आई क्यूँ? घर जाओ!"

दोघांचे आवाज चढले. समोरचं दार उघडलं, गाऊन घातलेली एक बाई बाहेर आली, तिनं कौसामायला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रशीदला विचारलं, "भैया, कौन है ये? कुछ परेशानी है क्या?"

"बहन है मेरी!" रशीद तिच्यावरच खेकसला. "दिमाग खराब है इसका. बचपन से ऐसीच है. आप अंदर जाइए!"

बाई आत गेली. रशीद कपाळाचा घाम पुसत राहिला. कौसामाय त्याच्याकडे पाहत होती. तिनं पदर सारखा केला, जिन्याच्या पायरीवर बसली, आणि पिशवीतून ताट काढलं.

"बस खाली," ती म्हणाली.

"अंदर बैठता हूँ."

"इथंच बस."

तो बसला. दिवा वाऱ्यानं लागेना, काडी विझत होती. शबनम आडोशाला उभी राहिली, तरी विझत होती. मला उशीर होत होता, अंधाराच्या आधी जंगलाचा रस्ता ओलांडायचा होता. मी खाली उतरलो, गाडी सुरू केली, हॉर्न दिला. कोणी लक्ष दिलं नाही. वर जिन्याच्या जाळीतून दोघं दिसत होते. तो तिच्या एक पायरी खाली, डोक्यावर शबनमची ओढणी, कपाळावर कुंकू, आणि तोंडात साखर असतानाच तो तिला म्हणत होता, "अब तो अंदर आओ," आणि ती म्हणत होती, "येत नाई."